बोअरच्या पाण्यावर तवंग आला, म्हणजे खाली तेल?

प्रश्न : आमच्या शेतातल्या बोअरचं पाणी हौदात साठलं की त्यावर सप्तरंगी तवंग येतो. खाली खनिज तेल असल्याची गावात चर्चा आहे. खरं असेल का?
– एक वाचक, विटा (जि. सांगली)

उत्तर : आधी तवंग काडीने मोडून बघा. त्याचे काचेसारखे तुकडे झाले आणि ते सुटेच राहिले, तर ती पाण्यातल्या लोहाची आणि त्यावर जगणाऱ्या जिवाणूंची करामत. काडी काढताच तवंग पुन्हा जुळला, तर ते तेलच. पण बहुधा पंपाचं वंगण किंवा सांडलेलं डिझेल.

खनिज तेलाला आधी समुद्र किंवा मोठं सरोवर लागतं. प्राणवायू नसलेल्या तळच्या चिखलात शेवाळ आणि सूक्ष्म जीव गाडले जातात, वर गाळाचे थर चढत जातात. दोन-चार किलोमीटर खोल, साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअसला लाखो वर्षं शिजल्यावर त्यातून तेल सुटतं. फार तापलं तर नुसता वायू. तेल पाण्याहून हलकं, म्हणून खडकाच्या छिद्रांतून, भेगांतून वर सरकत राहतं. वाटेत शेलसारखा (म्हणजे चिखलापासून बनलेला) घट्ट थर, बहुधा घुमटासारखा, आडवा आला तरच अडतं, नाहीतर जमिनीवर येऊन वाया जातं. जगातलं बरंचसं असंच गेलं. आणि जमिनीत तेलाचं तळं वगैरे नसतं बरं का, तेल मुरलेला दगड असतो.

आपल्याकडे अडचण मुळातच आहे. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी कराडच्या केंद्रीय प्रयोगशाळेने २०१७ साली कोयनेजवळच्या गोठणे इथं तीन किलोमीटर खोल विंधन पूर्ण केलं. वरचा सुमारे सव्वा किलोमीटर काळा पाषाण, त्याच्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा अतिप्राचीन खडक. मधे गाळाचा थर नाहीच! मग तेल शिजणार कशात? विट्याखाली वेगळं काही निघेल, असं मला वाटत नाही.

पण दोष पाषाणाचा नव्हे. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, १९७४ साली ‘सागर सम्राट’ या समुद्रात विंधन करणाऱ्या मंचाने शोधलेल्या बॉम्बे हाय या तेलक्षेत्राच्या तळाशीही हाच पाषाण सापडतो. तो तिथं खचला, त्यावर समुद्र आला, गाळ साचला. आधीच्या शेलमध्ये तयार झालेलं तेल वर सरकून नंतरच्या मायोसीन काळातल्या चुनखडकात साठलं. सह्याद्रीच्या पूर्वेला मात्र पाषाणावर समुद्र आलाच नाही.