घंटा वाजवणाऱ्याचा पगार

मंडळीत पगाराचा विषय काढणाऱ्याला 'विश्वास कमी पडतो' असं ऐकवलं जातं. मी सुरतेत रिंग रोडच्या कापड मार्केटात हिशेब लिहितो. तिथल्या रखवालदाराचे पैसे लांबले तर तो सरळ दुसरीकडे जातो. शहरातल्या ज्या मंडळीच्या कमिटीत मी होतो, तिथला घंटा वाजवणारा राखणदार मात्र येत राहिला. माणूस नवापूरकडचा. 2006च्या ऑगस्टात तापी शहरात शिरली, तेव्हा बाप्तिस्म्याची रजिस्टरं माळ्यावर चढवली ती त्यानेच.

तो थकला तेव्हा हिशेब निघाला. कागद कसलाच नव्हता. मागची खोली पगारात धरलेली, नाताळची बक्षिसीही पगारात धरलेली, वर दशांश आधीच कापलेला. नोकरीबरोबर खोली गेली. हाती शाल आली.

सभेत कुणीतरी रेव्हरंड टिळकांचा दाखला दिला. 1917 साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, हे खरं. पण ती त्यांनी स्वतः सोडली, कमिटीने ठराव करून सोडायला लावली नव्हती. आणि त्यांच्या उदारपणाची झळ घरात कुणाला लागत होती, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला सांगायला नको. दाखलाच हवा तर नहेम्याचा तेरावा अध्याय काढा. लेवी आणि गायक यांना त्यांचे वाटे मिळाले नाहीत, म्हणून ते आपापल्या शेतांवर निघून गेले. नहेम्याने जाब विचारला तो अधिकाऱ्यांना, आणि भांडारावर विश्वासू माणसं नेमली.

पाळकांचा पगार बहुतेकदा डायोसिस ठरवते. राखणदार, झाडूवाली बाई, पेटीवादक, कारकून हे कमिटीच्या मर्जीवर असतात. त्यांना नेमतानाच पत्र द्या. त्यात कामाचे तास, रविवारच्या बदल्यात आठवड्यातली सुट्टी आणि पगाराची तारीख लिहा. रक्कम ठरवताना गेल्या वर्षीच्या दानपेटीकडे बघू नका. शेजारच्या शाळेत शिपायाला काय मिळतं ते विचारा. खोली देत असाल तर नोकरी संपल्यावर ती किती महिन्यांनी रिकामी करायची, तेही लिहा. दशांश पगारातून कापू नका. तो त्याचा आणि देवाचा व्यवहार आहे. पाळकसाहेबांच्या घरचा बाजारहाट राखणदाराच्या कामात येत नाही, हेही एकदा स्पष्ट झालेलं बरं.

ग्रॅच्युइटीचा कायदा दहा माणसांपासून लागतो आणि आपल्याकडे चारच आहेत, असं म्हणून विषय मिटवला जातो. कायदा लागत नसला तरी त्याचा हिशेब वापरायला कुणाची मनाई नाही. शेवटचा मासिक पगार भागिले 26, गुणिले 15, गुणिले नोकरीची वर्षं. बारा हजार पगारावर वीस वर्षांचे 1,38,461 रुपये होतात. एकदम काढायचे तर मंडळीची कंबर मोडते. पण आजच्या पगारावर दरमहा 577 रुपये वेगळ्या खात्यात टाकायचे, पगार वाढला की तेही वाढवायचे, एवढं कुठल्याही मंडळीला झेपतं.

येत्या वार्षिक सभेत अंदाजपत्रक मांडलं जाईल, तेव्हा रंगकाम आणि साऊंड सिस्टीमच्या आधी पगाराची ओळ वाचायला लावा.