कलाशिक्षक नाही, मग चित्रकला सोडायची का?

प्रश्न : मुलगी नववीत आहे. शाळेत कलाशिक्षक नाही. नाशिकच्या क्लासची फी आणि एसटीभाडं झेपत नाही. काय करावं? – एक पालक, ओझर

उत्तर : चित्रकला अजिबात सोडू देऊ नका. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षांना शाळेमार्फत बसता येतं. इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला वाढीव गुणही मिळतात. तयारी घरी होते. पितळी तांब्या खिडकीशी ठेवून रोज वस्तुचित्र काढू द्या. सावली आधी फिकी, मग गडद. स्मरणचित्रासाठी आठवडे बाजारातली माणसं निरखायला सांगा.

पण शिक्षक हवाच. मुलांचा कलेतला सहभाग हा हक्क आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेचं ३१वं कलम सांगतं. भारतानं ती १९९२मध्ये स्वीकारली. चार पालक मिळून मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.