परदेशी औषधाचा नित्यनेम

सुरतेहून मुलांकडे इंग्लंडात राहावयास जाणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांपैकी पुष्कळांस रक्तदाबाची वा मधुमेहाची गोळी नित्य घ्यावी लागते. येथे ओळखीचा औषधविक्रेता जुन्या चिठ्ठीवरही गोळ्या देतो. वस्तुतः अशा औषधांची चिठ्ठी, डॉक्टरांनी तसे लिहिल्यावाचून, पुन्हा वापरू नये असा आपल्याकडेही नियम आहे. इंग्लंडात तर येथील चिठ्ठीवर औषध मिळतच नाही.

म्हणून आम्ही सुचवितो की, पोहोचताच जवळच्या सरकारी योजनेतील डॉक्टरांकडे नाव नोंदवावे. त्यास पैसे पडत नाहीत. सोबत औषधांची यादी असावी. तीत व्यापारी नाव नव्हे, तर ॲम्लोडिपिन, मेटफॉर्मिन असे मूळ नाव व मात्रा लिहावी. कारण आपल्याकडील व्यापारी नावे तेथे बहुधा अपरिचित असतात. तेथील डॉक्टरांस योग्य वाटल्यास ते औषध नित्याचे म्हणून नोंदवितात. पुढे दर वेळी भेट न घेता, मागणी करताच ते औषधाच्या दुकानी मिळते. मधूनमधून मात्र फेरतपासणी होते. साठ वर्षे पूर्ण झालेल्यांस इंग्लंडात औषधाचे शुल्क पडत नाही.

या व्यवस्थेस काही दिवस लागतात. तेवढा साठा, मूळ चिठ्ठीसह, जवळ ठेवावा. रक्तदाबाची गोळी अकस्मात बंद पडणे जिवावर बेतू शकते. पूजेचे साहित्य आपण आदल्या दिवशीच जुळवितो. औषधाच्या बाबतीतही तीच दक्षता बाळगावी.