स्वस्त खोलीचा खरा हिशेब

कापड घेताना आपण मीटरचा भाव विचारतो, तसा पन्हाही पाहतो. ऑनलाइन सवलतीत हॉटेलची खोली घेताना मात्र नजर फक्त भावावर असते. आम्हीही तीच चूक केली.

नोव्हेंबर २०२५ मध्ये चांदणी चौकातील खरेदीसाठी दिल्लीला गेलो. सोबत पत्नी व दोन मुले होती. साइटवर १,६०० रुपयांची खोली घेतली. रात्री अकराला पोहोचलो तर काउंटरवर सांगितले, "हा भाव दोघांचा." दोन जादा गाद्यांचे १,४०० व करासह एकूण ३,१५० रुपये झाले. त्याच साइटवर चौघांची खोली २,४०० ला, म्हणजे करासह २,५२० ला होती. ६३० रुपयांचा तोटा झाला. झोपलेली मुले घेऊन दुसरीकडे जाणार तरी कुठे?

व्यापारी बांधवांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१) शोधतानाच सर्व माणसे व मुलांची वये भरा. मोफत वयाची मर्यादा प्रत्येक हॉटेलची वेगळी असते.

२) शेवटच्या पानावरील रक्कम हाच खरा भाव. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के, त्यापुढे १८ टक्के आहे.

३) बुकिंग रद्द केल्यास पैसे कोणत्या तारखेपर्यंत परत मिळतात, ते वाचा. मालाची तारीख पुढेमागे होतेच.

४) पैसे भरण्यापूर्वी हॉटेलला थेट फोन करा. साइटचे कमिशन वाचत असल्याने मालक कधी भाव कमी करतो.

५) मेट्रोजवळची खोली पाहा, खोलीतील बचत रिक्षात जाऊ नये.

घासाघीस आपल्याला येतेच. ती निघण्यापूर्वी घरी बसून करावी.