युरियातील नत्र आणि जनावरांचा चारा

ट्रॉम्बे येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या १९७८ साली स्थापन झालेल्या कंपनीच्या कारखान्यात तयार होणारा युरिया शेतकऱ्यांना पिकाचे खत म्हणून परिचित आहे. युरियातील नत्र रवंथ करणाऱ्या जनावरांनाही उपयोगी पडू शकते. मात्र त्यासाठी ते पोटात कसे वापरले जाते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

उन्हाळ्यात पुष्कळ गाई-बैल भाताच्या पेंढ्यावर किंवा कडब्यावर दिवस काढतात. पेंढ्यात प्रथिनांचे प्रमाण जेमतेम ३ ते ४ टक्के असते. कोठीपोटातील सूक्ष्मजीवांना आपले काम नीट करण्यास चाऱ्यात सुमारे ७ टक्के प्रथिने लागतात. ती न मिळाल्यास चारा पचत नाही, जनावराचे खाणे मंदावते आणि गव्हाण भरलेली असूनही ते रोडावते.

युरियात ४६ टक्के नत्र असते. सूक्ष्मजीव युरियापासून अमोनिया व अमोनियापासून स्वतःच्या शरीरातील प्रथिने तयार करतात. हे सूक्ष्मजीव पुढे जनावराच्या आतड्यात पचतात व त्यांतील प्रथिने जनावरास मिळतात. परंतु या कामास ऊर्जाही लागते. नत्र एकदम जास्त मिळाले, तर उरलेला अमोनिया रक्तात जातो. यकृत त्याचे पुन्हा युरियात रूपांतर करते आणि बराचसा भाग मूत्रावाटे वाया जातो. यकृताची शक्ती अपुरी पडल्यास विषबाधा होऊन जनावर दगावते.

म्हणूनच पेंढ्यावर प्रक्रिया करण्याची पद्धत रूढ झाली. १०० किलो पेंढ्यावर, सुमारे ५० लिटर पाण्यात विरघळविलेला ४ किलो युरिया थरांवर सारखा शिंपडतात, पेंढा दाबून हवाबंद झाकतात व २१ दिवसांनी उघडतात. उग्र वास जाईपर्यंत तो वाऱ्यावर ठेवावा आणि थोड्या प्रमाणापासून सुरुवात करावी. सहा महिन्यांखालील वासरांना तो देऊ नये. युरियाचे पाणी जनावरांना कधीही पाजू नये. दुभत्या गाईस सरकी किंवा भुईमुगाची पेंड व हिरवा चारा यांची जोड हवीच.

१९८५ च्या खत नियंत्रण आदेशानुसार, खत म्हणून पुरविलेला युरिया पिकांखेरीज अन्य कामी वापरण्यास मनाई आहे. तेव्हा चाऱ्यासाठी कोणता युरिया व किती वापरावा, हे पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सल्ल्यानेच ठरवावे. ग्रामपंचायतींनी उन्हाळ्यापूर्वी गावात अशी प्रात्यक्षिके घडवून आणल्यास पेंढ्याचा सदुपयोग होईल आणि अजाणतेपणी होणारी पशुहानीही टळेल.