प्रायश्चित्त कोणी घ्यावयाचे?

वाचनपाठ : लेवीय १६ व १७:११, रोमकरांस ३:२१-२६ व ५:६-११, २ करिंथकरांस ५:१४-२१



रायपूरच्या बुढापाऱ्यात हा पाठ लिहिताना माझ्या मेजावर दोन बायबले उघडी आहेत, एक हिंदी व एक मराठी. मंडळीची उपासना हिंदीत आणि घरची प्रार्थना मराठीत, अशी येथील आम्हा मराठी कुटुंबांची रीत. (याच बुढापाऱ्यातील एका शाळेला माधवराव सप्रे यांचे नाव आहे. त्यांनी 'दासबोध' व 'गीतारहस्य' हे ग्रंथ मराठीतून हिंदीत नेले. भाषांतर करणाऱ्याला ते नाव रोज धीर देते.) दोन भाषांत एकच शास्त्रभाग वाचण्याचा लाभ असा की, एका भाषेतील शब्द गुळगुळीत झाला असेल तर दुसरीतील शब्द आपल्याला थांबवतो. मार्क १०:४५ मध्ये हिंदी वाचक 'छुड़ौती' वाचतो, तर आपण 'खंडणी' वाचतो. आणि आज खंडणी म्हटले की वर्तमानपत्रातील गुंडांची बातमी आठवते. पौल जेथे 'समेट' म्हणतो तेथे हिंदीत 'मेल-मिलाप' आहे. परंतु एक शब्द दोन्हीकडे सारखाच आहे, तो म्हणजे 'प्रायश्चित्त'. दुसरी भाषा येथे आपल्याला थांबवीत नाही, म्हणून आपणच थांबले पाहिजे.

हा शब्द आपल्याला ख्रिस्ती धर्मशिक्षणातून मिळालेला नाही. तो भाषेत पूर्वीपासून होता. 'प्रायः' म्हणजे तप आणि 'चित्त' म्हणजे निश्चय, अशी त्याची परंपरागत फोड सांगतात. ज्याने दोष केला त्याने दंड सोसावा, उपवास करावा, दान द्यावे, हा त्याचा अर्थ. महाराष्ट्राच्या इतिहासात तो शब्द एकदा फार भयंकर रीतीने उच्चारला गेला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चुलते रघुनाथराव यांना दोषी ठरवून देहांत प्रायश्चित्त सांगितले. शाळेत ही कथा आपण सर्वांनी वाचली आहे. परंतु तिचा शेवट आपण सहसा लक्षात घेत नाही. रघुनाथरावांनी ते प्रायश्चित्त घेतले नाही आणि रामशास्त्री पद सोडून पुण्याबाहेर निघून गेले. निवाडा अचूक होता, न्यायाधीश निःस्पृह होता, तरी अपराध जेथल्या तेथे राहिला. नियमशास्त्राविषयी पौलाने रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात जे म्हटले आहे, त्याला याहून चांगले उदाहरण मराठीत मला ठाऊक नाही. पाप म्हणजे काय हे नियमशास्त्र अचूक सांगते, परंतु पाप्याला नीतिमान करणे त्याच्या हाती नाही.

दुसरा प्रसंग आपल्या मिशनच्या अंगणातील आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका सभेनंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक त्या पाहुण्यांत होते. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे छापून आणली आणि ख्रिस्ती लोकांकडे चहा घेतल्याबद्दल मोठे ग्रामण्य झाले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. आपल्या पूर्वजांच्या हातचा एक पेला चहा हा दोष ठरला, ही गोष्ट आपल्याला बोचते. तरीही येथे प्रायश्चित्ताचा उद्देश काय होता हे शांतपणे पाहावे. तो केवळ दंड नव्हता. मनुष्याला पुन्हा पंक्तीत बसता यावे यासाठी तो होता. हा अर्थ शुभवर्तमानाच्या फार जवळचा आहे. म्हणूनच हा शब्द टाकून द्यावा असे मला वाटत नाही. प्रश्न एवढाच की, ते घ्यावयाचे कोणी?

आता लेवीय १६ पाहू. सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी प्रमुख याजक परमपवित्रस्थानात जाई. तो लोकांचा प्रतिनिधी खरा, पण त्याला प्रथम स्वतःसाठी गोऱ्हा अर्पावा लागे. मग दोन बकरे. चिठ्ठ्या टाकून एक परमेश्वरासाठी वधला जाई, दुसऱ्यावर लोकांची पापे कबूल करून त्याला रानात सोडून देत. या सगळ्यात इस्राएल लोकांनी काय करावयाचे? एकोणतिसावे वचन वाचा : त्यांनी आपल्या जिवास दंडन करावयाचे आणि कसलेही काम करावयाचे नाही. प्रायश्चित्ताच्याच दिवशी लोकांचे हात रिकामे! पुढच्या अध्यायातील अकरावे वचन याहून स्पष्ट आहे. वेदीवरील रक्त मनुष्य देवाला देतो असे तेथे म्हटलेले नाही, तर देवाने ते मनुष्याला दिले आहे असे म्हटले आहे. इब्री भाषेतील 'किप्पूर' या शब्दाखाली जे येते त्याची तरतूद आरंभापासून देवाकडूनच आहे.

रोमकरांस ३:२५ मध्ये पौलाने योजलेला ग्रीक शब्द 'हिलास्तेरिऑन' हा आहे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात कोशावरील दयासनाला हाच शब्द आहे. ज्या ठिकाणी वर्षातून एकदा, पडद्याआड, धूपाच्या धुरात रक्त शिंपडले जाई, ते ठिकाण देवाने सर्वांसमोर उघड मांडले आणि ते ठिकाण म्हणजे एक व्यक्ती आहे. येथे सावध राहावे. पुष्कळ प्रवचनांतून असे चित्र उभे राहते की, पिता रागावलेला आहे आणि पुत्र मध्ये पडून त्याची समजूत घालतो. शास्त्र असे शिकवीत नाही. देवाचा क्रोध खरा आहे. पाप त्याला क्षुल्लक वाटत नाही. परंतु १ योहान ४:१० प्रमाणे पुत्राला प्रायश्चित्त म्हणून पाठविणारा पिताच आहे, आणि २ करिंथ. ५:१९ प्रमाणे देव स्वतः ख्रिस्तामध्ये होता. रामशास्त्र्यांनी देहांत शिक्षा सांगितली व ते निघून गेले. आपला न्यायाधीश निघून गेला नाही.

'समेट' शब्दाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. संप मिटला, भाऊबंदकीचा दावा मिटला की आपण समेट झाला म्हणतो. दोन्ही पक्ष थोडे मागे सरतात. पौलाचा 'कातालागे' हा शब्द मुळात नाण्यांच्या अदलाबदलीचा आहे आणि १ करिंथ. ७:११ मध्ये पौल तेच क्रियापद दुरावलेल्या पतिपत्नींविषयी वापरतो. परंतु नव्या करारात देवाचा मनुष्याशी समेट केला गेला असे कोठेही म्हटलेले नाही. नेहमी मनुष्याचाच देवाशी केला जातो. वैर आपल्या बाजूचे होते आणि रोमकरांस ५:१० सांगते की, आपण शत्रू असतानाच समेट झाला. आपण नरम आल्यावर नव्हे.

हे केवळ शब्दांचे प्रश्न नाहीत. आपल्या मंडळ्यांत असे वृद्ध आहेत की, जे तरुणपणीच्या एखाद्या पापामुळे वर्षानुवर्षे प्रभुभोजनाच्या वेळी बाकावरच बसून राहतात. असे आजारी आहेत की, जे आपल्या दुखण्याला हप्त्यांनी फेडायचे प्रायश्चित्त समजतात. लेंटचे उपासही कित्येकदा याच हिशेबात जमा होतात. मुखाने ते ख्रिस्ताला तारणारा म्हणतात, परंतु त्यांच्या मनातील 'प्रायश्चित्त' अजून शनिवारवाड्यातले आहे. पाळकांनी व वडीलजनांनी अशांच्या घरी जावे आणि लेवीय १६:२९ त्यांच्याबरोबर वाचावे.

मग मनुष्याला काहीच करावयाचे नाही काय, असे कोणी विचारील. शेजाऱ्याचे लुबाडले असेल तर ते परत केलेच पाहिजे. लेवीय ६:५ वर एक पंचमांश अधिक घालावयास सांगते. जक्कयाने तर चौपट परत करण्याचे वचन दिले. पण लूक १९ मधील क्रम पाहा. प्रभू आधी त्याच्या घरी उतरला. ज्या घरी उतरल्याबद्दल लोक कुरकुर करू लागले, त्याच घरात चौपटीचा शब्द निघाला. मत्तय ५:२३-२४ प्रमाणे भावाशी समेट करण्यास आपण जातो तेही देवाच्या वेदीपासूनच निघून.

अभ्यासासाठी वरील वाचनपाठ व कलस्सै १:१९-२२ पुन्हा वाचा आणि समेट करणारा, पाठविणारा, पुढे ठेवणारा कोण, ते प्रत्येक वचनात पेन्सिलीने अधोरेखित करा. सर्वत्र देवच आढळेल. २ करिंथ. ५:२० मध्ये मात्र तुम्हांला आज्ञा आहे. तेथे आपल्या परिचित मराठी भाषांतराची रचना कानाला अवघड वाटते आणि पुष्कळांना ती सुधारून सरळ 'समेट करा' असे म्हणावेसे वाटते. ती सुधारू नका. मूळ ग्रीकमध्ये क्रियापद कर्मणी आहे. ज्याचा समेट देवाने केला आहे असा होण्यास आपल्याला सांगितले आहे, आणि ती अवघड रचना हेच जपते.