भांड्यांचा नियम व पाहुण्याचा मान

समजा, पुण्याचे एक बेने इस्राएल कुटुंब भीमाशंकरास जाताना शिनोलीस आपल्या घरी उतरले. आपण प्रीतीने ताट वाढले. त्यांनी केवळ केळी घेतली व शिजविलेले अन्न नम्रपणे नाकारले. हा आपला अपमान झाला काय? प्रस्तुत पाठात आम्ही ह्याच प्रश्नाचा विचार करणार आहो.

लेवीय ११ ह्या अध्यायात भक्ष्य व अभक्ष्य प्राणी सांगितले आहेत. निर्गम २३:१९ येथे करडू त्याच्या आईच्या दुधात शिजविण्याची मनाई आहे. तीवरून यहुदी रब्बींनी मांसाची व दुधाची भांडी निराळी ठेवण्याचा नियम केला. म्हणूनच कोकणातील बेने इस्राएल मांसाच्या रश्श्यात नारळाचे दूध घालीत आले आहेत.

ऊन अन्नाचा अंश भांड्यात मुरतो, व तो ज्या रीतीने मुरला त्याच रीतीने निघतो, असे रब्बी मानतात. अभक्ष्य मांस ज्या पितळी पातेल्यात उकळले, ते स्वच्छ घासावे, चोवीस तास न वापरता ठेवावे व मग उकळत्या पाण्यात बुडवावे. ज्या शिगेवर मांस भाजले, ती विस्तवात लाल होईपर्यंत तापवावी. ह्याचा आधार गणना ३१:२२-२३ येथे आहे. मातीच्या मडक्यातून मात्र तो अंश उकळूनही निघत नाही, असे ते समजतात. लेवीय ६:२८ येथेही, पापार्पण शिजविलेले मातीचे भांडे फोडावे व पितळेचे घासून धुवावे, असा भेद आहे.

तर मग हे ध्यानात धरावे की, ह्या नियमाने भांडे अयोग्य ठरते ते त्यात शिजलेल्या अन्नामुळे. जेवणाऱ्याच्या जन्मामुळे नव्हे. आपल्या खेड्यांत कित्येकांसाठी चहाची कपबशी निराळी ठेवीत; तेथे विटाळ माणसावर लादलेला होता. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. बेने इस्राएलांतही पूर्वी ‘गोरे’ व ‘काळे’ असा भेद असे, आणि गोरे आपल्या स्वयंपाकाच्या भांड्यांस काळ्यांचा हात लागू देत नसत. मोशेच्या नियमशास्त्रात असे कोठेच नाही. अन्नाचा नियम माणसाला लावला, म्हणजे असा अनर्थ होतो.

तेव्हा पाहुण्याने आपले पातेले नाकारले, तर राग न मानता त्यास फळे द्यावी. परंतु आपल्या मंडळीच्या प्रीतिभोजनात कोणाचे ताट त्याच्या जातीवरून बाजूला ठेवले जात असेल, तर मत्तय २३:२५-२६ वाचून प्रत्येकाने आपलेच मन तपासावे.